दोरी हलकी झाली तेव्हा

प्रिय कॅलम,

आधी बातमी सांगून टाकते. तळ्यावरच्या आग विझवायच्या पंपाचं इंजिन मी बदललं. बाबांचं काढलं, नवं बसवलं. "हात लावू नकोस आई, मी येऊन दुरुस्त करतो," असं तू दर फोनवर सांगत होतास, ते विसरलेले नाही.

बाबा गेल्यापासून दर रविवारी सकाळी मीच ते चालू करून बघायचे, त्यांच्यासारखाच चहाचा मग शेजारी ठेवून. ते चालू करायची दोरी ओढताना खांदा निखळायचा, आठवतं? लहानपणी एकदा तिने उलटा हिसका देऊन तुला चिखलात पाडलं होतं आणि बाबा हसून हसून खाली बसले होते. या हिवाळ्यात ती अलगद यायला लागली. मला वाटलं, लाकडं फोडून माझ्याच हातात जोर आलाय. पलीकडच्या नेव्हिलला मी ते ऐटीत सांगितलंसुद्धा. त्याने एकदा दोरी ओढली, टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "ग्लेंडा, तुझ्या दंडात कुठला आलाय जोर. या इंजिनाचा दम गेलाय, आत दाबच धरत नाही."

मला ते पटेना. फिरत्या वाचनालयाच्या गाडीतून इंजिनांवरचं पुस्तक आणलं, तर तेही नेव्हिलच्याच बाजूचं निघालं. निळा धूर, तेल पिणं, दोरीला ओढ नसणं, सगळं आपलंच. नेव्हिलने इंजिन उघडून दाखवलं. सिलिंडरच्या आतून नख फिरवलं तर वरच्या काठाशी अडकलं, इतका तो झिजला होता. नव्या रिंगा घालून भागणार नव्हतं. तरी मी ते पुन्हा जोडून तसंच ठेवायला लावलं.

मग एका मंगळवारी उत्तरेचा तापलेला वारा सुटला आणि टेकडीमागे धूर दिसला. मी दोरी ओढत राहिले. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. तळं भरलेलं, आणि मी काठावर कोरडा पाइप धरून उभी. धूर दूरचा निघाला, वाराही फिरला. पण तिसऱ्या ओढीला चालू न होणारं इंजिन उन्हाळ्यात ठेवायचं नाही, हा बाबांचाच नियम होता. ते असते तर मला चांगलंच बोलले असते.

नवं किल्लीने चालू होतं. आवाज बारीक आहे. पहिल्याच रविवारी नेव्हिल सपाता घालून धापा टाकत आला. नेहमीची धडधड ऐकू आली नाही, तेव्हा त्याला वाटलं, मीही गेले. "मरायचं झालं तर आधी कळवत जा," म्हणाला आणि दोन अंडी खाऊन गेला.

जुनं इंजिन शेडमध्ये आहे, बाबांच्या हिरव्या स्वेटरमध्ये गुंडाळून. ते बिघडलेलं असलं की तू 'येतो' म्हणायचास, म्हणून मी ते इतके दिवस ठेवलं. अंत्यविधीनंतर तू इकडे फिरकला नाहीस. बाबांशिवायचं घर तुला बघवत नाही, हे मला कळतं. मलाही बघवत नव्हतं, पण मी इथेच होते, मग सवय झाली. आता दुरुस्त करायला काही राहिलं नाही, बाळा. तरी ये. चहा पिऊ, आणि तुला वाटलं तर स्वेटर उलगडून ते जुनं इंजिन बघू.

तुझीच,
आई