बरण्यांच्या गाठी

वेस्ट विंडसर, ३ जानेवारी २०२५

चि. सौ. सुलभा हिस अनेक आशीर्वाद.

प्रतिमाचे वर्षश्राद्ध यथासांग पार पडले. आता एक विनंती. दोनदा कौन्सिलवर निवडून आल्यावर यंदा मी मेयरपदासाठी उभा राहत आहे. प्रचाराचा आरंभ नेहमी आपल्या शेतावरील हळदीकुंकवाने होत असे. प्रतिमा शेजारच्या अमेरिकन बायकांनाही बोलावी आणि आपल्याच मधमाश्यांच्या मधाची बरणी वाण म्हणून देई. प्रत्येक बरणीला मी माझे पत्रक बांधत असे. हा समारंभ मला विधुराला करता येत नाही. तू तिची सख्खी बहीण. बॉथेलहून येऊन यजमानीण होशील काय?

स्नेह आहे, तो वाढावा.

विष्णू
सदस्य, टाउनशिप कौन्सिल

बॉथेल, ९ जानेवारी

ती. भावोजींस सुलभाचा शि. सा. न. वि. वि.

जमीनदारसाहेब, बायकोचं वर्ष सरलं आणि पहिली आठवण प्रचाराची! नाही, मी येणार नाही. ताईनं तुमची पत्रकं कधी वाटलीच नाहीत. मी दर वेळी हळदीकुंकवाला यायचे, तेव्हा तुम्ही पुरुषमंडळींना घेऊन बाहेर पडलात की आम्ही दोघी बरण्यांच्या दोऱ्या सोडत बसायचो. कुंकू लावून मत मागायचं नाही, म्हणायची. आणि वर मला बजावायची, यांना सांगू नकोस, बिचारे स्वतः गाठी मारतात. बायका यायच्या त्या ताईसाठी. कुणाची केमो, कुणाच्या मुलाचा डिव्होर्स, सगळं तिला सांगायच्या. त्यांनी मत दिलं ते प्रतिमाच्या नवऱ्याला. तुमचं भाषण तर मीही कधी पुरतं ऐकलं नाही!

रागावलात तरी माया कमी करू नये.

सुलभा

वेस्ट विंडसर, १५ जानेवारी

चि. सौ. सुलभा हिस आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून कोठारात गेलो. रिकाम्या बरण्यांमागे पत्रके सापडली. एकही दोरी कापलेली नव्हती. प्रत्येक गाठ सोडवून दोरी नीट गुंडाळून ठेवलेली होती. इतकी वर्षे मी बाहेर मते मागत फिरलो. तिचे हळदीकुंकू एकदाही पाहिले नाही. आता पाहणे शक्य नाही.

माझा प्रचार सांभाळणाऱ्या मिहीरला सांगितले, की यंदा पत्रके नाहीत, भाषण नाही. मी हरेन, असे त्याचे म्हणणे. बहुधा हरेनच. तरी रथसप्तमीपूर्वी ये आणि तिच्यासारखेच हळदीकुंकू कर. मध काढून ठेवला आहे. मी स्वयंपाकघरात कॉफी करीन. बाहेर येणार नाही. फक्त दार थोडे उघडे राहू दे.

येशील, या आशेवर थांबतो.

प्रतिमाचा नवरा,
विष्णू