सातव्या वळणावर झोपडी नव्हती

माघ शु. २, सोमवार
संध्या खाटेवर बसूनच केली. गुडघे उंबरठ्यापर्यंत नेतात, ओट्याची पायरी उतरू देत नाहीत. पोथीचा अध्याय अर्ध्यावर असताना धडगावकडून सायकीबाई आली. चांदसैली घाटात डेमच्या नावाचा पावरा आदिवासी होता, त्याची मुलगी; आता स्वतः आजी. तिच्या वनहक्काच्या दाव्यावर हरकत आली आहे. कारण जुना पंचनामा : ‘सातव्या वळणावर झोपडी अगर वहिवाट आढळली नाही.’ खाली दोन पंच. एक वारला. दुसरा मी.
तिने झेरॉक्स पुढे केली. किती वळणदार अक्षर होते माझे.

माघ शु. ३, मंगळवार
जपात चित्त नाही. लिहून काढतो, निदान क्रम तरी लागेल.
तेव्हा मी लाकूड-ठेकेदाराकडे दिवाणजी. सागाचे ओंडके ट्रकच्या दुप्पट लांब. क्रेन कोणी पाहिली होती? दोन बल्ल्या तिरक्या लावून वीस माणसे दोरांनी ओंडका वर चढवीत. पुढचे टोक ट्रकच्या हौद्यात साखळदंडाने जखडलेले, मागचे सुट्या दुचाकी गाड्यावर. ट्रक व गाडा यांना जोडणारे दुसरे काही नाही, ओंडका तेवढाच. गाड्यावर एक माणूस लांब दांडा धरून वळण देई. मी लाल फडके घेऊन पुढे चालत असे.
सरळ रस्त्याने काही अडचण नसे. वळणावर मात्र ओंडका आतली बाजू कापीत येई. आणि सातव्या वळणाच्या आत, थोड्याशा सपाटीवर, डेमच्याचे घर. वर उतारावर त्याचे शेत.
मोठा ओंडका आला की डेमच्याची माणसे घर उतरवीत. कुडाच्या भिंती सोडून त्यांचे भारे बांधीत, खांब उपटून ठेवीत. त्या जागेवरून ओंडका जाई. दुसऱ्या दिवशी घर पुन्हा उभे. डेमच्या हसे : “पाहुणा दारात मावत नाही, मग दारच काढून ठेवायचं.” बदल्यात मीठ, गूळ, तंबाखू. रीतच पडली होती. मी तेव्हाही नित्य पाठ करीत होतो, आणि यात वावगे काही आहे असे एकदाही मनात आले नाही.

माघ शु. ५, गुरुवार
राहिलेले.
त्या खेपेचा ओंडका फारच मोठा. घर उतरवूनही वळणात अडकला. मागे घ्यावा तर गाडा दरीत जातो, पुढे न्यावा तर टोक टेकाडात रुतते. दोन दिवस तेथेच. दुसऱ्या दिवशी नाकेदार, म्हणजे जंगलाचा पहारेकरी, अतिक्रमणे तपासत आला. वाईट मनुष्य नव्हता. म्हणाला, घर लिहिले तर ते मोडून डेमच्यावर गुन्हा घालावा लागेल. या घटकेला उभे नाही, तर नाही असेच लिहितो, पंच द्या.
मी थांबलो. डेमच्यानेच माझे मनगट धरले.
“लिही, दिवाणजी. नाही म्हण. नाही म्हटलं तर राहील.”
टेबल कोठले? कुडाच्या भाऱ्यावर कागद ठेवून मी सही केली. झोपडी नाही, या वाक्याखाली. झोपडीवर कागद टेकवून.
झोपडीपुरते शब्दशः ते खरे होते. तेवढ्यावर मी पंचेचाळीस वर्षे झोपलो.

माघ शु. ७, शनिवार
सुभाषला, म्हणजे चिरंजीवांना, सारे सांगितले. ऐकून त्याने अंगणातल्या ट्रॅक्टरकडे पाहिले.
“आबा, गावमा बठ्ठा वाटणीना कागद तुमनी सहीवर उभा शेतस. आते तुमीच म्हनश्यात, मन्ही सही खोटी व्हती. मंग लोके काय म्हनतीन?”
त्याचे खोटे नाही. भाऊबंदकीत दोन घरे केवळ माझ्या सहीवर शांत आहेत. बोललो तर ती हलतात. न बोललो तर सायकीबाईची जमीन जाते. पूजेत आज घंटा वाजवायची राहिली. प्रसादानंतर ध्यानात आले.
सूनबाई म्हणाली, ह्यांनी तुमचा फोन चार्जिंगला लावला आहे. सकाळपासून लावलाच आहे.

माघ शु. ९, सोमवार
सायकीबाई पुन्हा. सुभाषने दारातच सांगितले, आबा झोपेल शेतस. मी जागा होतो. आवाज दिला नाही. हे लिहिलेच पाहिजे.
ती गेली नाही. खिडकीशी येऊन बसली. मला तू म्हणणारे आता कोणी उरले नाही, ती म्हणते.
“आबा, तुझ्या लाकडासाठी आमचं घर बाजूला झालं. कागदात ते अजून बाजूलाच हाय.”
रागाचा स्वर नव्हता. राग असता तर उत्तर सुचले असते.

माघ शु. ११, बुधवार
उपवास. सुभाष पहाटेच शहाद्याला गेला. सायकीबाईच्या दोघा भाच्यांनी मला खुर्चीसकट उचलून जीपमध्ये ठेवले. सूनबाई पाण्याची बाटली देऊन आत गेली.
कचेरीत साहेब तरुण, नम्र. मी सारे सांगितले : ओंडका, उतरवलेले घर, भाऱ्यावरची सही. त्यांनी सहा ओळींत लिहून घेतले. सही करताना अक्षरे एकमेकांवर चढली. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी धरले.
“आजोबा, या नावाची माणसं तालुक्यात पुष्कळ. तो पंच तुम्हीच कशावरून?”
मी म्हणालो, मी सांगतो आहे ना. ते ओशाळून हसले. त्या सालातली सही असलेला कागद आणा. पुढची तारीख पौर्णिमेनंतर.
खोटे बोललो तेव्हा कोणी पुरावा मागितला नव्हता.

माघ शु. १३, शुक्रवार
त्या सालचे खरेदीखत आहे. लोखंडी कपाटात. किल्ली सुभाषच्या करदोऱ्याला.
जेवताना मागितली. त्याने दिली नाही. हात धुऊन शेतावर गेला.
सायकीबाई सकाळपासून ओट्यावर. सूनबाईने तिला चहा दिला, आमच्याच कपात.
मी पाटीवर सही गिरवीत आहे. अकरा वेळा केली. पंचनाम्यातल्या त्या माणसाची एकही उतरली नाही.