पद्मजाचे म्हातारे उंदीर

तासगाव, बुधवार, दिवेलागण

पद्मजाचा अमेरिकेहून फोन आला. तिकडच्या सरकारनं संशोधनाचे थांबवलेले पैसे परत सुरू केले. तिची प्रयोगशाळा बंद होत नाही. सुटले बाई!

खरं तर लेकीनं ते उंदरांचं काम सोडावं म्हणून मीच बस्तीत, आमच्या देवळात, भगवंतापुढं गूळ खायचा सोडायचा नियम घेतला होता. आपण जैन, आणि पोरीनं जीव पिंजऱ्यात कोंडायचे? महिन्याभरात तिकडच्या सरकारनं पैसे बंद केले. मी आनंदानं सांगायला गेले तर हे म्हणाले, "तुझा नियम थेट अमेरिकेपातूर पोचला की गं!"

मग पद्मजा फोनवर रडली. "आई, आम्ही त्यांना मारत नाही गं. म्हातारपणी विसरायला कसं होतं ते बघतो, मरेपर्यंत सांभाळतो. पण आता सांभाळायला पैसा नाही. शुक्रवारी सगळ्यांना मारून टाकणार."

तेव्हापासून घास उतरत नव्हता. सरकार काय माझ्या गुळावर चालतं? नाही चालत, कळतं मला. तरी ते म्हातारे उंदीर डोळ्यांपुढून हलत नव्हते. भगवंताकडे उलटं मागायची लाज वाटली, पण मागितलं.

आज फोनवर आधी तेच विचारलं, "सगळे जिवंत आहेत ना? खायला घातलंस त्यांना?"

"घातलं. मी जेवले का, ते नको विचारूस!"

मग विचारलं. जेवली नव्हती.