फोनवरचा ठिपका

प्रिय मॉरीन,

मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

आज माझं डोकं फिरलंय. इथल्या माळरानावर चरणाऱ्या सहा गाई आम्ही स्वयंसेवक पाळीपाळीने पाहून येतो. काल क्लाइव्हने वहीत ‘सहाही ठीक’ लिहिलं. आज त्यातली ब्रॅम्बल मला दलदलीत पोटापर्यंत रुतलेली सापडली.

“तिच्या गळ्यातल्या जीपीएस पट्ट्याचा ठिपका फोनवर दिसत होता की!” क्लाइव्ह म्हणतो.

“ठिपका उभा होता की बुडत होता, तेही दिसलं का रे?” मी ओरडलेच.

ट्रॅक्टरने ओढून काढली. वाचेल म्हणतात.

माझा लेन, तुझा मेहुणा, प्रत्येक गाईच्या डोळ्यांत बघून यायचा. तो गेल्यापासून मलाही सगळे फोनवरच विचारतात. मी ‘बरी आहे’ म्हणते आणि त्यांचं काम होतं.

तू तरी येऊन बघून जा.

तुझी थोरली बहीण,
हेस्टर