खांबाजवळचं डावं वळण

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. लोहारा

सात मिनिटांचा डाव! आमच्या वेळी नऊ मिनिटं पळावं लागायचं, तेव्हा कुठं कळायचं कुणाच्या छातीत किती दम आहे. आता या टीव्हीवरच्या लीगमध्ये मॅट, रंगीत दिवे, डीजे. ‘खो’ दिलेला ऐकूच येत नाही. आणि ‘वजीर’ म्हणे — त्याला हव्या त्या दिशेनं पळायची मुभा! मग नियम ठेवलेत कशाला? सूर मारून गडी बाद केला की जादा गुण, म्हणून पोरी उठसूट अंग झोकून देतात. चव्वेचाळीस वर्षं खो-खो बघतोय, असला तमाशा पाहिला नव्हता.

तरी एकही सामना सोडत नाही. आपली लेक अस्मिता खेळतेय ना!

५ नोव्हेंबर

आज काहीतरी दिसलं. अस्मिता खांबाला डावीकडून वळत नाही. शाळेपासून तिचं हेच वळण — डाव्या पायावर गर्रकन फिरायची, पाठलागावरची पोरगी खांबाशीच राहायची. आज तीनदा संधी आली. तिन्ही वेळा लांबचा फेरा घेऊन उजवीकडून गेली. समालोचक म्हणतो, ‘नवी स्टाइल!’ कसली स्टाइल? पोरीचा गुडघा गेलाय.



६ नोव्हेंबर

फोन केला. ‘काय न्हाय झालं बाबा, तुमी लई बारीक बघता.’ हसली. जरा जास्तच हसली. लेक खोटं बोलतेय.

७ नोव्हेंबर

अस्मिताच्या आईनं, शारदानं, माझं तोंड बघून ओळखलंच. ‘तिच्या कोचला सांगा की! पोरगी जन्माची लंगडी झाल्यावर सांगायचं का मग?’

सांगितलं तर संघातून काढतील. चार वर्षं घाम गाळून मिळवलेली जागा. आणि नाही सांगितलं, अन् सूर मारताना तो पाय मुडपला तर? भीती वाटते.

९ नोव्हेंबर

जेवण जात नाही. एकच गोष्ट सारखी आठवते. अस्मिता तेव्हा चौदाची. धाराशिवच्या मैदानावर जिल्ह्याची फायनल, आणि हिचा घोटा मुरगळला. मी फक्कीच्या पांढऱ्या रेषेबाहेरून ओरडलो होतो — ‘लंगडू नको! समोरच्यांना कळतंय!’ नाही लंगडली. अडीच मिनिटं पळाली. सामना संपला तेव्हा पाय टम्म सुजलेला, चपलेत मावेना. आणि मी ते गावभर कौतुकानं सांगत फिरलो!

आम्ही खो-खोवाले सगळे असेच. दुखलं तर घरी हळद लावायची, मैदानात तोंड वाकडं करायचं नाही. लीगला उठता-बसता नावं ठेवतो मी. पण हे तिला लीगनं नाही शिकवलं.

१० नोव्हेंबर

उपांत्य सामना. शारदा देवघरापुढं, मी टीव्हीपुढं. अस्मितानं खांबावर सूर मारला, पडली — आणि उठेना! मी मोठ्यानं ओरडलो. मग उठली. कॅमेऱ्याकडं बघून हात हलवला. संघ फायनलला गेला. गल्लीत पोरांनी फटाके लावले, पेढे आले. मी घामानं निथळत बसलो होतो.

११ नोव्हेंबर

शेवटी संघाच्या फिजिओ आहेत, शिवरंजनी मॅडम, त्यांना फोन लावला. सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या,

‘काका, गुडघ्याचा रिपोर्ट आहे आमच्याकडं. पहिल्या आठवड्यातच बाहेर बस म्हणालो होतो तिला. जागा पुढच्या वर्षाला राखून ठेवतो म्हणालो. ती ऐकंना. खेळणारच म्हणून लिहून दिलं तिनं. तुमी तरी बोला.’

म्हणजे जागा जाणारच नव्हती! मग ही पोरगी कशासाठी जिवावर उदार झालीय?

तिला चार वेळा फोन केला. उचलत नाही.

१२ नोव्हेंबर

अस्मिताचा फोन. म्हणाली, ‘बाबा, तुमी बघताय म्हटलं की मला लंगडता येत न्हाय. उद्या फायनलला तुमी टीव्ही लावणार नसाल, तर मी बाहेर बसते.’

नाही लावणार म्हणालो.