बरं वाटतंय म्हणा

दि. ४ फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. ताईची कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की अजून खिडकीशी बसून गार वारा खातात? धाकट्याची दाढ काढली का? आणि तू? सकाळी रोगी तपासायचे, दुपारी प्रयोगशाळेत नळ्या हलवायच्या, मग जेवायचं कधी? मी ठणठणीत. गुडघे लोण्यासारखे फिरतात, शिलाईचं मशीन दिवसभर धडधडतं.

डॉक्टर होऊनही तू पुन्हा संशोधन का शिकतेस, ते मला आता उमगलंय. मी गिऱ्हाइकांना सांगते, की बाकीचे डॉक्टर औषध देतात, आमची चिमणी ते लागू पडतं का हे शोधते. एक बाई म्हणाल्या, म्हणजे अजून शिकतेच आहे का? त्यांचा झगा मी मुद्दाम आठवडाभर उशिरा दिला.

धाप लागणाऱ्यांसाठीच्या तुझ्या त्या नव्या गोळीच्या अभ्यासात आमचे खालचे बेकरीवाले आले, त्यांचे पत्ते खेळणारे दोघे मित्र आले, ते माझंच कर्तृत्व बरं का. दर महिन्याला तुला भेटून येतात आणि तिघांनाही बरं वाटतंय म्हणतात. निकाल चांगला लागला की तुझी तिथली जागा पक्की, असं तूच लिहिलं होतंस. मग आता काळजी कसली?

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मावशी

दि. २० मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

आईची कंबर, बाबांचा खोकला, धाकट्याची दाढ, सगळं ठीक. माझंच ठीक नाही.

परवा बेकरीवाले काकांना वॉर्डात भरती केलं. वॉर्डाची ड्यूटी माझीच होती. नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा पडला, तो भरेचना. छातीत पाणी साठलं होतं. आदल्याच आठवड्यात अभ्यासाच्या खोलीत ते मला म्हणाले होते, की जिना सहज चढतो, आणि मी पुष्कळ सुधारणा अशी नोंद केली होती. असं का सांगितलंत, म्हणून विचारलं. धापा टाकत ते म्हणाले, की तुझ्या मावशीने बजावलं होतं, पोरीची जागा तुमच्या हातात आहे, बरं वाटतंय म्हणा. मित्रांनीही तेच केलंय. आपण माझ्यावर उपकार केले असंच बिचाऱ्यांना वाटत होतं.

मावशी, तुझा राग नाही आला. माझीच मला लाज वाटली. त्या दिवशी काकांच्या बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या, कारण बूट पायात मावत नव्हते. ते मी पाहिलं होतं. वर थट्टा केली, की काका, ही नवी फॅशन का? वॉर्डात असते तर आधी पाय पाहिले असते. पण त्या खोलीत मला त्यांचे पाय नको होते, उत्तर हवं होतं.

त्याहून वाईट म्हणजे, सगळं कळल्यावरही मी गप्प बसले. आलेख इतका सुरेख चढत होता! शेवटी आज मॅडमना, म्हणजे मला संशोधन शिकवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना, सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, की या माणसाला हात शेवटचा कधी लावला होतास? तिघांची माहिती बाद झाली, बाकीच्यांना पुन्हा तपासायचंय, माझं हे वर्ष धरणार नाहीत. जागेचं पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या.

काका सावरताहेत. बोलता बोलता त्यांनी हेही सांगितलं, की तुला मशीनचं पायडल मारवत नाही. लोण्यासारखे गुडघे ते हेच का?

लोभ आहेच, तो तपासून बघायला नको.

तुझी,
चिमणी

दि. २७ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र वाचलं आणि हातातली सुई तशीच राहिली. दिवसभर कुणाकडे मान वर करून पाहवलं नाही.

तुला ठाऊक नाही ते सांगते. बेकरीवाल्यांच्या पायांत मोजे रुतायचे, म्हणून त्यांचं इलॅस्टिक मीच कात्रीने कापून दिलं होतं. पाय सुजलेत हे डोळ्यांनी पाहिलं आणि वर त्यांनाच बरं वाटतंय म्हणायला पढवलं. तुझ्या कौतुकापायी शेजाऱ्याचा जीव टांगणीला लावला गं मी. तोंड कुठे लपवू?

काल ते इस्पितळातून घरी आले. मी खाली जाऊन माफी मागितली. ते हसून म्हणाले, की पढवलेलं घडाघडा म्हणणारा मीच, तेव्हा निम्मी शिक्षा माझी. मग हळूच विचारलं, की पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना काय सांगू? मला रडूच कोसळलं. म्हटलं, जे होतंय ते सांगा, आणि तिने विचारायच्या आत बूट काढून बसा.

तुझं वर्ष मला परत आणता येणार नाही. निदान खोटं तरी परत घेते. गुडघे दुखतात, फार दुखतात. जिना बसून उतरते. मशीन कधीचंच बंद आहे, हाताने टाके घालते. त्या बाईंचा झगा उशिरा गेला तो मुद्दाम नव्हे, या गुडघ्यांमुळे. काल त्या पुन्हा आल्या आणि तोच प्रश्न केला. म्हटलं, हो, शिकतेच आहे अजून.

सुट्टी मिळाली की ये, आणि माझ्या गुडघ्यांना हात लावून बघ. त्याआधी पत्र पाठव, लवकर. आणि बरं वाटत नसेल, तर बरं वाटतंय असं लिहू नकोस.

तुझी,
मावशी