फार धावलेली गाडी

रविवार, १४ मार्च

प्रिय तू,

पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. बाबांचा खोकला गेला, आईंचा गुडघा होता तिथेच आहे, थोरलीची परीक्षा संपली आणि धाकटीचा पुढचा दात पडला. फोन असताना ही बाई पत्र कसलं लिहीत बसलीय, असं तुझ्या मनात आलं असेल. पण फोन आपल्या दोघांचा असतो कुठे? शुक्रवारी तो टेबलावर मधोमध ठेवलेला, भोवती सगळं मंडळ जमलेलं, आणि मी त्यांच्या मागे उभी राहून ‘अहो, जेवलात का?’ विचारणार. तुला ‘तू’ म्हणायचं तर कुठलंतरी दार लावून घ्यावं लागतं. आज लाँड्री बंद असते, म्हणून हिशोब बघायचा आहे असं सांगून इथे आले. हॉटेलच्या चादरींच्या गठ्ठ्यावर पॅड ठेवून लिहितेय, त्यामुळे अक्षर लोळतंय. सांभाळून घे.

पत्रास कारण, ती गाडी.

शुक्रवारी तुला अर्धीमुर्धीच कळली, कारण धाकटीला मध्येच तिचा दात दाखवायचा होता. तर गाडी आहे दातांच्या डॉक्टरांची. त्यांचे पांढरे कोट आपल्याकडे धुवायला येतात ना, तेच. मुलं पांगली, आता दोघांना सात सीटची गाडी कशाला हवी, म्हणून विकतायत. दोन लाख चाळीस हजार किलोमीटर. आकडा ऐकून तू ‘बाप रे’ म्हणालास आणि आई लगेच माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही मीच ती तेवढी पळवली.

गॅरेजवाल्या मामांना दाखवून घेतली. ते गाडीखाली गेले ते इतका वेळ बाहेरच येईनात, मला वाटलं झोप लागली. मग हात पुसत म्हणाले, “वहिनी, फार धावलीय, पण कुरकुरत नाही. क्लच बदलावा लागेल. पुढचे शॉकअप गेलेत. एसी नावाला आहे. इंजिन मात्र छान ठेवलंय, त्याला हात लावायला नको.”

“म्हणजे घेऊ?”

“चार वर्षं बिनघोर चालवा. त्याच्या पुढचं मी माझ्या तब्येतीचंही सांगत नाही.”

एवढं झाल्यावर काल सगळ्यांना घेऊन गेले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, जसं काही मुलगी बघायला निघालेत. डॉक्टरांनी फाटकासमोर गाडी आणून ठेवली, किल्ली तिच्यातच ठेवली आणि म्हणाले, “बसा, एक चक्कर मारून या, मग ठरवा.” आम्ही बसलो. बाबा आणि आई मधल्या सीटवर, पोरी मागे, मी पुढे. दारं लागली. पट्टे लावले. धाकटीने खिडकी खाली-वर करून बघितली. बाबा म्हणाले, “पाय पसरायला जागा भरपूर आहे हं.” आई म्हणाल्या, “कव्हरं बदलावी लागतील.” आणि आम्ही बसून राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही, पण डॉक्टर फाटकापासून चालत आले, खिडकीत वाकले आणि अगदी हळू आवाजात, दुखऱ्या दाताबद्दल विचारावं तसं, म्हणाले, “चालवणार कोण?”

स्टिअरिंगसमोर कोणीच नव्हतं रे. मी शेजारच्या सीटवर पट्टा लावून, पर्स मांडीवर घेऊन बसले होते. रोज सकाळपासून गठ्ठे भरून लाँड्रीची व्हॅन गावभर फिरवणारी मी! व्हॅनमध्ये बसले की हात आपोआप गिअरवर जातो. पण घरच्यांना घेऊन गाडीत बसायचं म्हटलं की तू चालवणार आणि मी शेजारी बसून ‘जरा हळू’ म्हणणार, एवढंच माझ्या अंगाला माहीत आहे. आणि एकालाही वाटलं नाही की काही चुकतंय. पाचही जण तुझी वाट बघत बसलो होतो.

थोरलीला आधी हसू आलं, मग बाबा हसले, मग डॉक्टरसुद्धा. मीही हसले आणि उतरून पलीकडे जाऊन बसले. पण गाडी सुरू केल्यावर माझ्या शेजारी पुढे येऊन बसायला कोणी तयार होईना. सगळे म्हणे आम्ही इथेच बरे आहोत. मी एकटीच पुढे बसून चक्कर मारून आणली, टॅक्सीवाल्यासारखी.

परत आल्यावर मागच्या सीटखाली थोरलीला एक बारकासा मोजा सापडला. डॉक्टरांच्या मिसेसनी तो तिच्या हातातून घेतला, झटकला आणि मुठीत धरून ठेवला. मला त्यांचा हेवा वाटला. खरंच सांगते, जळले मी. त्या गाडीच्या सीटवर पेनाच्या रेघोट्या आहेत, पायपुसण्याखाली कुठल्यातरी समुद्राची वाळू आहे. दोन लाख चाळीस हजार किलोमीटर ती माणसं एका गाडीत बसून एकमेकांशी भांडत, पेंगत, गात फिरली. आपल्या दोघांचे किती झाले असतील?

आता जे शुक्रवारी बोलले नाही ते लिहिते.

तू म्हणालास, “दुसऱ्याची डोकेदुखी कशाला विकत घ्यायची? अजून दोन वर्षांचा करार करतो, कोरी गाडी घेऊ.” पोरी लगेच रंगावर भांडायला लागल्या. बाबांचा चेहरा फुलला. मी मागून मान हलवली, ती तुला फोनवर दिसली असेल. ती मान खोटी होती. मला नवी गाडी नको. कोऱ्या गाडीची किंमत काय आहे ते मला कळतं, आणि मी पैशांबद्दल बोलत नाहीये.

गेल्या खेपेला तू सुट्टीवर आलास तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मला विचारलंस, “पाणी घेऊ का?” आपल्या घरात! कप कुठल्या फळीवर असतात तेही विचारलंस. मी हसून दाखवलं, तू गेल्यावर मात्र त्या फळीसमोर उभी राहून रडले. तू तिथल्या क्रेनवर उंच बसून दिवसभर एकटा असतोस, एकटं राहण्याची तुला सवय लागली असेल. मला भीती अशी वाटते की आम्हालाही लागतेय. आणखी दोन वर्षांनी थोरली घराबाहेर पडलेली असेल. बाबा तेव्हा गाडीत चढू शकतील की नाही, देव जाणे. मग त्या कोऱ्या गाडीत बसवायचं कोणाला?

तुझ्या जुन्या वर्कशॉपचे साहेब मागच्या आठवड्यात सूट टाकायला आले होते. स्वतःहून म्हणाले, क्रेनवाला हवाय, तो येणार असेल तर दुसरा शोधत नाही. पगार तिथल्याच्या निम्मासुद्धा नाही, मीच विचारून घेतलं. आईंसमोर बोलले असते तर ‘पोराला चांगली नोकरी सोडायला लावतेय’ म्हणाल्या असत्या, म्हणून शुक्रवारी हा विषय काढला नाही. तेवढ्यात भागेल. ओढाताण होईल, आपण एकमेकांवर खेकसू, एसी नसलेल्या गाडीत घाम पुसत बसू. चालेल मला. लाँड्री चालवते मी, घाम मला नवा नाही.

तुला काय हवंय ते मला माहीत नाही. तुला तिथे बरं वाटत असेल, तर तेही लिही, मी वाचेन. पण माझं म्हणणं तुला कळलंच नाही असं नंतर व्हायला नको. रात्रंदिवस तुझी आठवण येते असं काही मी म्हणणार नाही, दिवसा वेळच नसतो. पण धुतलेल्या शर्टांमध्ये तुझ्या मापाचा एखादा आला, की तो मी हाताने इस्त्री करते, मशीनवर टाकत नाही.

गाडी मी घेतली. आज सकाळी डॉक्टरांना होकार कळवला, क्लचचं काम मामा उद्यापासून करतील. तुला न विचारता केलेली ही माझी पहिलीच मोठी खरेदी, रागव हवं तर. तुझा करार महिनाअखेरीला संपतोय. नव्या कागदावर सही करू नकोस. घरी ये.

तुझ्या पत्राची नव्हे, तुझी वाट पाहणारी,

तुझी बायको